हौ म्हणजे चांगलं

माझी बायको आता एकच गाणं म्हणते, आणि ते कँटोनीज भाषेत आहे. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणाचा हाँगकाँगशी कधी संबंध आलेला नाही. मी पुण्याचा, ती नागपूरची, आणि गेली अठरा वर्षं आम्ही टोरांटोच्या पश्चिमेला मिल्टनमध्ये राहतो. गाणं आनंदी आहे. ढोल, टाळ्या, मधेच सगळ्यांनी मिळून मारलेली आरोळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटी सगळी मुलं स्टेजवर येऊन हातात हात घालून म्हणतात, त्या जातीचं. पडलास तर ऊठ, आज अंधार असला तरी उद्या उजाडेल, सगळं चांगलं होईल, असा त्याचा अर्थ आहे म्हणे. तो अर्थ तिला कळतो का, हे मला विचारता येत नाही. म्हणजे विचारता येतं, पण मागच्या नोव्हेंबरपासून उत्तर द्यायला तिच्यापाशी शब्द नाहीत.

ते का नाहीत आणि त्यात माझा वाटा किती, हे मी कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही.

मी मिल्टनजवळच्या केंब्रिज गावातल्या एका कारखान्यात काम करतो. तिथे मोटारींचे सुटे भाग बनतात आणि मी गुणवत्ता विभागात आहे. दिवसभर भाग तपासायचे, चूक दिसली की लाल चिठ्ठी लावायची आणि तो भाग बाजूला काढायचा. ही सवय कारखान्यातून घरी आली असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. चिठ्ठ्या मी आधीपासूनच लावत होतो. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरातून माझ्या आईला म्हणाली, "आई, मी भाजी चिरून राहिली." मी बाहेरून, चार पाहुण्यांच्या देखत, म्हणालो, "चिरून राहिली नाही. चिरते आहे." पाहुणे हसले. तीही हसली. मला वाटलं, तिला गंमत वाटली.

इथे आल्यावर माझ्या या दुर्गुणाला एक उदात्त कारण मिळालं. मुलगी मोठी होऊ लागली आणि इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. मग मी नियम केला, जेवणाच्या टेबलावर फक्त मराठी. कुणी 'ग्रोसरी' म्हणालं की मी हातातला घास थांबवून म्हणायचो, "वाणसामान." समोरच्याने तो शब्द परत उच्चारल्याशिवाय भाजीचं भांडं पुढे सरकवायचो नाही. माझं एक वाक्य ठरलेलं होतं. "नीट बोल आधी, मग ऐकतो." मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना माझी नक्कल करून हेच वाक्य भिंतीवरच्या घड्याळाला म्हणायची.

बायकोने मात्र यावर तिचा उपाय काढला होता. ती माझ्याहून शुद्ध बोलायला लागली.

"अहो, ती हिवाळी रबरी चक्रवेष्टनं कधी बदलणार आहात?"

"कसली?"

"विंटर टायर हो. पण तसं म्हटलं तर तुम्ही भाजी देत नाही."

बेसमेंटला ती पाताळ म्हणायची. "पाताळात उतरा आणि कपडे मशीनला लावा."

"मशीन नाही, यंत्र."

"बरं, यंत्राला. नारळ फोडू का, की नुसतं हळदकुंकू चालेल?"

अशी ती माझ्यासोबत निभावत होती. मला ते तेव्हा कळलं नाही. मला फक्त एवढं कळत होतं की तिच्या तोंडून विचित्र शब्द आला की ती माझी चेष्टा करते आहे.

तो शनिवार होता. पहिल्या बर्फाचा अंदाज दिला होता आणि आठ वाजता टायर बदलून घ्यायची वेळ ठरवलेली होती. मी बूट घालून ओट्याजवळ उभा होतो. ती चहा करत होती. ती म्हणाली, "अहो, चहात कंगवा घालू?"

मी म्हणालो, "कंगवा नाही, साखर. आणि सकाळी सकाळी चेष्टा नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा म्हणाली, "कंगवा." या वेळी हळू, स्वतःशीच तपासून बघितल्यासारखं. तिच्या उजव्या हातातला चमचा खाली पडला. मी तो उचलून सिंकमध्ये ठेवला. इतक्या जवळून मी सगळं पाहिलं. दिवसाला शेकडो भाग डोळ्यांखालून घालणारा मी, माझ्यापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाची एक कड खाली आली आहे, हे मला दिसलं नाही. किंवा दिसलं आणि मी घड्याळाकडे बघितलं. मी म्हणालो, "नीट बोल आधी, मग ऐकतो," आणि किल्ली घेऊन गराजमध्ये गेलो.

टायरच्या दुकानात गर्दी होती. बर्फाचा अंदाज आला की सगळ्या मिल्टनला एकाच दिवशी टायर आठवतात. तासाभराने माझा फोन वाजला. तिचा होता.

"अहो," ती म्हणाली.

"बोल."

नुसता श्वास ऐकू येत होता. मागे फ्रिजची घरघर. मग पुन्हा, अगदी स्पष्ट, "अहो."

काउंटरवरचा माणूस माझ्या गाडीचा नंबर पुकारत होता. मला वाटलं, सकाळचीच चेष्टा पुढे चालू आहे. मी म्हणालो, "अगं, नीट बोल आधी, मग फोन कर." आणि फोन ठेवला.

बोलण्यातला तिचा तो शेवटचा मराठी शब्द. बाकी सगळे शब्द तिच्या हातून निसटत असताना तिने बहुधा तो एकच घट्ट धरून ठेवला होता, कारण त्याने मी आजवर नेहमी वळून बघत आलो होतो. पंचवीस वर्षांत तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. मुलगी चिडवायची, "आई, ही हॅज अ नेम, यू नो." ती म्हणायची, "असू दे. ते ऑफिसला लागतं."

फोन ठेवून मी टायर बसवून घेतले. तिथून वाणसामान आणायला गेलो, कारण आदल्या संध्याकाळी तिने यादी दिली होती. कोथिंबीर ताजी दिसेना म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो. घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ती फ्रिजजवळ जमिनीवर होती. डोळे उघडे होते. फोन डाव्या हातात होता. ओट्यावर दोन कप चहा, दोन्ही बिनसाखरेचे, वर साय धरलेली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने मला इंग्रजीत विचारलं, ती शेवटची नीट कधी होती? 'नीट' हा शब्द त्याने वापरला नाही, पण माझ्या कानांनी तो तसाच ऐकला. मी त्याला खरं सांगितलं. साडेसातला ती चुकीचे शब्द बोलत होती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध ठरावीक तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं. आवाजात कुठेही ठपका नव्हता. ठपका असता तर बरं झालं असतं.

मुलगी वॉटर्लूला शिकते. ती तासाभरात धावत आली. तिने विचारलं, "बाबा, वॉज शी ओके व्हेन यू लेफ्ट?"

मी म्हणालो, "हो. ठणठणीत होती."

नागपूरला तिच्या भावालाही मी फोनवर तेच सांगितलं. एकदा सांगितलं की मग तेच सांगत राहावं लागतं.

पुढे तिला एटोबिकोतल्या पुनर्वसन केंद्रात हलवलं. चालायला ती लवकर शिकली. उजवा हात मात्र जड राहिला, आणि वाचा गेलेलीच राहिली. तिला समजतं पुष्कळ. पाणी दे म्हटलं तर पेला उचलते, विनोदावर हसतेही. पण बोलायला तोंड उघडलं की काहीच येत नाही, आणि येत नाही हे तिच्या डोळ्यांत दिसतं. तिथे बोलणं शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिने मला सांगितलं की बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या. बोलता न येणारी माणसं कधीकधी गाऊ शकतात, आणि गाण्यातून थोडे शब्द परत येऊ शकतात. तिला लहानपणापासून पाठ असलेलं काहीतरी म्हणा, पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत, असं ती म्हणाली.

मी त्याच दिवशी खुर्ची तिच्या पलंगाला लावली आणि गणपतीची आरती सुरू केली. टाळ्या वाजवत, हळू. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलले. मग आवाज आला, घोगरा, पण सुरात. आणि मग एक अख्खा शब्द आला.

तिच्या माहेरी त्या आरतीतला एक शब्द वेगळा म्हणतात. बऱ्याच घरांत म्हणतात. पंचवीस गणपतींत मी तो पंचवीस वेळा सुधारला होता. त्या दिवशीही माझ्या तोंडून, टाळी न थांबवता, बरोबर शब्द बाहेर पडला. जरा मोठ्याने.

ती थांबली. तिने मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर मी आरत्या म्हटल्या, अंगाई म्हटली, तिच्या कॉलेजातली सिनेमाची गाणी फोनवर लावली. तिचे ओठ पुन्हा हलले नाहीत. शिकवणारी मुलगी म्हणाली, "इट्स ओके, वी विल ट्राय अगेन. जस्ट, नो करेक्टिंग, प्लीज." तिला आरतीतलं काही कळलं नव्हतं. तिने नुसता माझा आवाज ऐकला होता.

त्या खोलीत दुसरा पलंग होता. त्यावर ऐंशीच्या पुढची एक हाँगकाँगची म्हातारी होती, खुब्याचं हाड मोडलेली. तिचा मुलगा, माझ्याच वयाचा, रोज दुपारी थर्मासमधून सूप आणायचा आणि टॅबलेटवर तेच एक गाणं लावायचा. म्हातारी चमच्याने पलंगाच्या दांडीवर ठेका धरायची. माझं डोकं उठायचं. इतकं आनंदी काही ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हातारी माझ्या बायकोला 'आ-मुई' म्हणायची. धाकटी बहीण, असं मुलाने सांगितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि माझ्या बायकोला काहीच येत नव्हतं, म्हणून त्यांचं बरं चाललं होतं.

एका दुपारी मी कॉफी आणायला बाहेर गेलो होतो. परत येताना पॅसेजमध्ये मला ऐकू आलं, "अहो!"

तिचाच आवाज. पुन्हा, "अहो!"

मी धावलो. बाहीवर कॉफी सांडून हात भाजल्याचं मला संध्याकाळी कळलं. दारात पोचलो तर दोघी आपापल्या पलंगावर बसून गात होत्या. म्हातारीचा चमचा दांडीवर, माझ्या बायकोचा डावा हात मांडीवर. ती सगळं कडवं म्हणत होती, न अडखळता, आणि जिथे सगळे मिळून आरोळी मारतात तिथे तोंड वर करून म्हणत होती, "आ-हौ! आ-हौ!"

ती माझ्याकडे बघतही नव्हती.

म्हातारीचा मुलगा माझा चेहरा बघून उठला. मी विचारलं, हा शब्द काय आहे? तो म्हणाला, "हौ? हौ मीन्स गुड. एव्हरीथिंग विल बी गुड." त्याने अंगठाही वर करून दाखवला.

त्यानंतर मी केलं ते सांगायची मला सर्वांत जास्त लाज वाटते. मी त्याला बाहेर बोलावलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणालो की माझ्या पत्नीला विश्रांतीची गरज आहे, तुम्ही आईसाठी हेडफोन आणाल का. तो बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आला. दोन दिवस खोली शांत होती. दोन दिवस माझी बायको काहीही न उच्चारता दरवाजाकडे बघत पडून होती. तिसऱ्या दिवशी म्हातारीने कानावरचा हेडफोन काढला, माझ्याकडे चमचा रोखला आणि एका दमात खूप काही बोलली.

मी मुलाला विचारलं, "काय म्हणतात?"

"शी सेज..." तो थांबला. "नेव्हर माइंड. शी इज व्हेरी ओल्ड."

आणि टॅबलेट मोठ्याने सुरू झाला.

मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो आणि तेव्हा मला समजलं की ती याच भाषेत का गाते. त्या भाषेतली तिची चूक मला कळू शकत नव्हती. जगात ही एकच जागा उरली होती, जिथे मी लाल चिठ्ठी घेऊन पोचू शकत नव्हतो.

वसंतात ती घरी आली. त्याआधीच म्हातारीला तिच्या मुलाने घरी नेलं होतं. जाताना त्याने ते गाणं माझ्या मुलीच्या फोनवर पाठवलं. आता मिल्टनच्या आमच्या घरात सकाळी तेच लागतं. मुलगी सुट्टीला आली की आईबरोबर म्हणते. तिच्या एका मैत्रिणीने तिला उच्चार सांगितले आहेत. एकदा मी धीर करून त्यांच्यात सूर मिळवला तर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं 'हौ' इज सो राँग." मग तिने डोळे मिचकावले. "नीट बोला आधी, मग ऐकते." बायको हसली. मीही हसलो, आणि लगेच उठून वॉशरूममध्ये गेलो. हा शब्दही मी आता वापरतो. टेबलावरचा नियम संपला आहे. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे, म्हणणारं माणूस घरात उरलं आहे कुठे?

शिकवणारी मुलगी अजून महिन्यातून एकदा व्हिडिओवर येते. तिच्या आवाजातली आशा दर वेळी थोडी थोडी जबाबदारीने कमी होते. गाण्यातून शब्द सुटे होऊन बोलण्यात येतील, असं तिला वाटलं होतं. ते आले नाहीत. गाणं आहे, आणि गाण्यातला तो 'आ-हौ' मधूनच, गाणं नसतानाही येतो. ताट ठेवताना, खिडकीत बसल्यावर. तो येतो तेव्हा मी हातातलं काम टाकून जातो. ती बऱ्याचदा बाहेरच बघत असते.

सकाळी तिचे केस मी विंचरतो. उजव्या हाताने तिला जमत नाही, आणि डाव्या हाताने केलेलं तिला आवडत नाही. मागच्या आठवड्यात ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती आणि मी मागे उभा होतो. मुलगी घरी नव्हती. तिचा चेहरा दिसत नाही अशा जागी मी उभा होतो, म्हणूनच बहुधा मला बोलता आलं.

मी म्हणालो, "त्या दिवशी तू कंगवा म्हणालीस."

तिची मान ताठ झाली. मी विंचरत राहिलो.

"मला ते कळायला हवं होतं. चमचा पडला तेही मी पाहिलं. आणि फोनवर तू मला हाक मारलीस, दोनदा, आणि मी फोन ठेवला. मुलीला मी सांगितलं की तू ठणठणीत होतीस. डॉक्टर म्हणाला नाही, पण मी थांबलो असतो तर तू आज बोलत असतीस. बहुतेक बोलत असतीस. हे मी केलं."

क्षमा कर, हे मला म्हणता आलं नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याकडे क्षमा कशी मागायची? मला तिने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिच्या नागपुरी बोलीत, चुकीच्या प्रत्ययांसकट.

मग तिने डावा हात वर करून माझ्या हातातला कंगवा घेतला. तो तिने समोर धरला, उलटसुलट करून बघितला आणि टेबलावर, साखरेच्या डब्याच्या शेजारी, ठेवला. मुद्दाम ठेवला की डबा जिथे होता तिथेच तिचा हात पोचला, हे मी सांगू शकत नाही. मग ती म्हणाली, "आ-हौ."

गाणं लावलेलं नव्हतं. तिला चाल आठवली असेल. किंवा चांगलं, असं तिला म्हणायचं असेल, पण काय चांगलं, ते माझ्या कल्पनेत येत नाही. मला आता कुणी शब्द सुधारून देणारा हवा होता, आणि घरात तसा माणूस एकटा मीच होतो.

तिने पुन्हा म्हटलं, "आ-हौ."

मी मागून तिच्यासमोर आलो, जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "ओ."